रस्त्याचं नाव कोण ठरवतं? पुण्याच्या पाट्या आणि आपल्या गावांचा प्रश्न

पुणे : पौडकडून पुण्यात शिरलं की आधी पौड रस्ता लागतो, पुढे कर्वे रस्ता. रोजची ये-जा असते, त्यामुळे पाटीकडे कुणी बघत नाही. पण याच पाट्यांत आपल्या तालुक्यांचा इतिहास आहे.

पुण्यातली कितीतरी नावं साधी आहेत. रस्ता जिकडे जातो तेच त्याचं नाव. पौड, सातारा, सोलापूर, सासवड, आळंदी, सिंहगड. ही नावं कुठल्या समितीनं दिली नाहीत, चालणाऱ्यांच्या तोंडून ती पक्की झाली.

दुसरी नावं माणसांची. चकचकीत मॉल आणि ऑफिसं असलेला सेनापती बापट रस्ता घ्या. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही ओळख मिळाली ती मुळशी सत्याग्रहामुळे. टाटा कंपनीच्या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळे शेतकरी उभे राहिले, बापट त्यांच्यासोबत तुरुंगात गेले. धरण झालंच. पाटीवर नाव राहिलं, पण ते कुणासाठी लढले हे पाटी सांगत नाही.

आता कर्वेनगर. हे मूळचं हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी हिंगण्यात विधवा आणि मुलींच्या शिक्षणाचं मोठं काम उभं केलं, म्हणून त्यांचं नाव वस्तीला मिळालं. नाव मोठंच आहे. पण हिंगणे बुद्रुक हे नाव आज किती जणांना आठवतं?

प्रश्न आजचा आहे

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत घेतली गेली. त्यात मुळशीतली सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक आहेत, हवेलीतली वाघोली, मांजरी बुद्रुक आहेत. (नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढली गेली.) गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायत जाते आणि तिच्यासोबत ग्रामसभाही. मग रस्त्याला नाव देण्याचा अधिकार महापालिकेकडे. मधल्या काळात बिल्डरच्या प्रकल्पाचं नाव मोबाइलच्या नकाशावर चढतं, पार्सलवाला तेच विचारतो, आणि ओढ्याचं, माळाचं, पाणंदीचं नाव दहा वर्षांत पुसलं जातं.

अर्थात, प्रत्येक जुनं नाव जपावं असं नाही. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच. माणसाला कमी लेखणारं नाव गेलंच पाहिजे.

दुसरीकडे, वरून दिलेलं नाव लोक स्वीकारतातच असंही नाही. फर्ग्युसन रस्त्याचं सरकारी नाव नामदार गोखले पथ, पण रिक्षावाल्याला सांगून बघा! तो आधी 'म्हणजे एफसी रोडच ना?' असं विचारेल.

आपण काय करायचं?

ज्या गावांत अजून ग्रामपंचायत आहे, तिथं हे काम आत्ताच होऊ शकतं. म्हाताऱ्या माणसांना विचारून शिवारातल्या वाटा, ओढे, माळ यांची नावं लिहून काढा. ग्रामसभेत ठराव करून रस्त्यांना नावं द्या आणि पाट्या लावा. उद्या हद्द वाढली तर दाखवायला कागद हातात राहील. हिंगण्याच्या लोकांकडे जे राहिलं नाही, ते आपल्याकडे राहावं.