इम्प्लांटचा स्क्रू बसवण्याआधी रुग्णाच्या हाती कागद द्या

प्रति,
मा. अधिष्ठाता, शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय, तसेच शहरातील सर्व दंतवैद्यक,
छत्रपती संभाजीनगर

विषय : दंत इम्प्लांटच्या रुग्णांना उपचाराची लेखी माहिती मिळण्याबाबत

महोदय,

आम्ही शहरातील दंतरुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्या संघातर्फे हे मागणीपत्र देत आहोत. आमच्यात सिडकोतले पेन्शनर आहेत, तसे जालना-बीडहून एसटीने येणारेही आहेत. डॉक्टरांच्या कौशल्याबद्दल आमची तक्रार नाही. आम्ही भांडतो आहोत ते न सांगितलेल्या गोष्टींसाठी.

पहिली गोष्ट पैशांची. इम्प्लांट म्हणजे हाडातला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावरचा जोड म्हणजे अबटमेंट आणि वरची कॅप. दर सांगितला जातो तो बऱ्याचदा नुसत्या स्क्रूचा. कॅपचा आकडा कळतो तेव्हा स्क्रू हाडात गेलेला असतो आणि माघार घेता येत नाही. जबड्याचा सीबीसीटी (त्रिमितीय) स्कॅन, लागल्यास हाड भरणे, तात्पुरता दात, तिन्ही भाग या सगळ्यांचा खर्च सुरुवातीलाच एका कागदावर लिहून द्यावा. ब्रिज आणि कवळी या पर्यायांचा खर्चही त्याच कागदावर असावा.

दुसरी गोष्ट वेळेची. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी 1965 मध्ये माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. हाड या धातूला घट्ट धरते हा त्यांचा शोध. पण ते धरायला वेळ घेते. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यातले हाड भुसभुशीत म्हणून अनेकदा चार ते सहा. ‘एका दिवसात दात’ काही रुग्णांना बसवता येतात, मात्र ते बहुधा तात्पुरते असतात. दवाखान्याच्या पाटीवर हेही तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा.

हाड भरण्याची पावडर अनेकदा गायीबैलांच्या हाडापासून, तर त्या पावडरीवर घालायचा पडदा कधी डुकराच्या ऊतीपासून केलेला असतो. वैद्यकीयदृष्ट्या ही मान्य साधने आहेत. तरीही या शहरात हिंदू, मुस्लिम, जैन सगळेच राहतात, आणि आपल्या जबड्यात काय भरले हे त्यांना नंतर कळणे बरे नव्हे. आधी विचारा, कृत्रिम पावडरही मिळते.

समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले आहे की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके कळल्यावर दिलेली संमतीच ग्राह्य. इंग्रजी फॉर्मवर बोट ठेवून ‘इथे सही करा’ म्हणणे त्यात बसत नाही. संमतीपत्र मराठी, हिंदी आणि उर्दूत हवे, आणि ते घरी नेऊन वाचायला मिळावे.

आमची सर्वांत आग्रहाची मागणी इम्प्लांट कार्डाची आहे. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूची जोडणी आणि त्याला लागणारी किल्ली वेगळी असू शकते. आमच्या एका सभासदाचा जोड ढिला झाला. मूळ दवाखाना बंद पडलेला, कंपनी कोणती हे ठाऊक नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून अंदाज बांधला आणि हात टेकले. वेष्टनावर कंपनी, माप व लॉट क्रमांकाचा स्टिकर असतो. तो कार्डावर चिकटवायला मिनिटही लागत नाही.

शासकीय दंत महाविद्यालयाने आठवड्यातून एक दिवस इम्प्लांट सल्ला खिडकी चालवावी. खाजगी दवाखान्याचा कागद तिथे कोणालाही समजावून घेता यावा.

आमच्याही बाजूचे सांगतो. साखर, तंबाखू-गुटखा, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेली गोळी किंवा इंजेक्शन, यांतले काहीही सभासद डॉक्टरांपासून लपवणार नाहीत. कॅप बसल्यावर दर सहा महिन्यांनी तपासणीलाही येतील, कारण इम्प्लांटला कीड लागत नसली तरी भोवतालची हिरडी सडू शकते.

या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. तोवर सभासदांना आमचे सांगणे एवढेच : स्टिकर लावलेले कार्ड हातात पडल्यावरच शेवटचा हप्ता द्या.