विश्लेषण : मुरुमे आणि सुरकुत्यांवरचे रेटिनॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय का घेऊ नये?

‘मुरुमांवर काहीतरी चांगले द्या,’ असे मेडिकलच्या काउंटरवर सांगितले की एक छोटी ट्यूब पुढे येते. कधी मैत्रिणीने नाव सुचवलेले असते, कधी रीलमध्ये कोणाची तरी ‘आधी आणि नंतर’ची छायाचित्रे पाहिलेली असतात. त्या ट्यूबमध्ये नुसते ट्रेटिनॉइन असेल, तर ते पन्नास वर्षांहून अधिक काळ वापरात असलेले, गुण देणारे औषध आहे. पण त्याच्यासोबत स्टेरॉइड मिसळलेले असेल, तर काही महिन्यांत चेहऱ्याची दुर्दशा होऊ शकते. दोन्ही ट्यूब दुकानात एकाच फळीवर असतात. म्हणूनच या औषधाच्या बाबतीत डॉक्टरांची चिठ्ठी ही केवळ औपचारिकता राहत नाही.

रेटिनॉइड म्हणजे नेमके काय?

‘अ’ जीवनसत्त्व आणि त्यापासून तयार झालेल्या औषधांच्या कुटुंबाला रेटिनॉइड म्हणतात. त्वचेवर लावण्याच्या औषधांत ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापालीन आणि टॅझारोटीन ही प्रमुख नावे. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मिळणारे रेटिनॉल हे याच कुटुंबातले सौम्य भावंड. रेटिनॉलचे त्वचेत आधी रेटिनाल्डिहाइड आणि मग रेटिनॉइक आम्ल व्हावे लागते, तेव्हा कुठे ते काम करते. ट्रेटिनॉइन हे स्वतःच रेटिनॉइक आम्ल असल्याने त्याचा परिणाम थेट आणि जोरकस असतो. दाहही त्याच प्रमाणात जास्त.

मुरुमांवरचे औषध सुरकुत्यांकडे कसे वळले?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये मुरुमांवर ट्रेटिनॉइनचा उपयोग मांडला. 1971 मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. मुरुमांसाठी ते लावणाऱ्या प्रौढ रुग्णांची त्वचा नितळ होत असल्याचे पुढे लक्षात आले. मग 1988 मध्ये मिशिगन विद्यापीठातील 16 आठवड्यांच्या चाचणीत उन्हाने जुन झालेल्या त्वचेवरील बारीक सुरकुत्या कमी होत असल्याचे दिसले. त्याच चाचणीत औषध लावणाऱ्या बहुतेकांच्या त्वचेचा दाहही झाला होता, हे मात्र जाहिरातींत सहसा सांगितले जात नाही.

1995 मधील आणखी एका अभ्यासाचा निष्कर्ष सामान्य वापरकर्त्यासाठी अधिक मोलाचा आहे. त्यात 0.1 टक्के आणि 0.025 टक्के अशा दोन तीव्रता 48 आठवडे तपासल्या गेल्या. सुधारणा दोन्हींत सारखीच झाली. दाह मात्र कमी तीव्रतेच्या क्रीममध्ये बराच कमी होता. ‘जास्त टक्क्यांचे द्या, लवकर गुण येईल’ हा काउंटरवरचा समज इथेच निकालात निघतो.

ते त्वचेत काम कसे करते?

मुरुमाची सुरुवात चेहऱ्यावर दिसण्याच्या बरीच आधी होते. केसाच्या मुळाशी मृत पेशी एकमेकींना चिकटून छिद्र बुजते, आत तेल साचते, जिवाणू वाढतात आणि सूज येते. ट्रेटिनॉइन पेशींमधील विशिष्ट ग्राहींशी जोडले जाऊन या पेशींच्या वाढीची आणि झडण्याची घडी नीट बसवते. छिद्र बुजतच नाही, त्यामुळे ब्लॅकहेड्स आणि नवी मुरुमे कमी होतात.

म्हणूनच हे औषध फक्त दिसणाऱ्या फोडावर ठिपका ठेवल्यासारखे लावून उपयोग नसतो. मुरुमे जिथे येतात त्या सगळ्या भागावर ते लावायचे असते.

सुरकुत्यांच्या बाबतीत ते त्वचेच्या खालच्या थरात कोलॅजेन तयार होण्यास मदत करते आणि उन्हामुळे होणारी कोलॅजेनची झीज रोखते. ‘रेटिनॉइडने त्वचा पातळ होते’ हा समजही अर्धवट आहे. वरचा मृत पेशींचा थर पातळ होतो, त्याखालचा जिवंत थर मात्र जाड होतो. त्वचा खऱ्या अर्थाने पातळ करते ते स्टेरॉइड.

सुरुवातीला त्रास का वाढतो?

पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, साल निघते, लाली आणि चुरचुर होते. आत दडलेली मुरुमे वर येऊन चेहरा आधीपेक्षा वाईटही दिसू शकतो. मुरुमांत स्पष्ट फरक पडायला साधारण 8 ते 12 आठवडे आणि सुरकुत्यांत चार ते सहा महिने लागतात. हे आधी कोणी सांगितलेले नसते, म्हणून अनेक जण तिसऱ्या आठवड्यातच ट्यूब टाकून देतात. मग झटपट गुण देणारे दुसरे क्रीम शोधले जाते आणि तिथेच स्टेरॉइडचा शिरकाव होतो. ‘दीड महिना कळ काढा’ हे डॉक्टरांचे एक वाक्य हा प्रवास टाळू शकते.

वापरण्याची योग्य पद्धत कोणती?

डॉक्टर सहसा कमी तीव्रतेपासून सुरुवात करतात. सुरुवातीला एक दिवसाआड किंवा दोन दिवसांआड रात्री, आणि त्वचेला सवय झाली की रोज. चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा. ओल्या चेहऱ्यावर लावल्यास दाह वाढतो. संपूर्ण चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढे क्रीम पुरते. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ टाळावेत. त्वचा फार नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर लावून त्यावर औषध लावता येते.

रात्रीच का? ट्रेटिनॉइन उजेडात विघटित होते. शिवाय या काळात त्वचा उन्हाला लवकर भाजते. त्यामुळे सकाळी किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन लावण्याची तयारी नसेल, तर हे औषध सुरूच न केलेले बरे. बेन्झॉइल पेरॉक्साइडमुळेही नेहमीचे ट्रेटिनॉइन निष्प्रभ होऊ शकते. दोन्ही दिली असतील, तर कोणते सकाळी आणि कोणते रात्री, हे विचारून घ्यावे.

घरगुती उपायांचाही या काळात विचार करावा लागतो. लिंबाचा रस, खरखरीत स्क्रब, दिवाळीचे उटणे चोळणे, ब्लीच हे सारे औषध चालू असताना चेहऱ्यापासून दूर ठेवावे. पार्लरमध्ये वरच्या ओठावर किंवा गालावर वॅक्स करताना तर कातडीच निघून येऊ शकते. साधारण आठवडाभर आधी औषध थांबवावे आणि पार्लरमध्ये तसे सांगावे.

आपल्याकडच्या त्वचेला वेगळी काळजी का?

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत मुरूम गेल्यानंतर काळा डाग मागे राहतो. रेटिनॉइड हे डाग फिकट करायला मदत करते. पण तेच औषध घाईने किंवा जास्त तीव्रतेचे लावून दाह झाला, तर त्या दाहामुळेही नवे डाग पडतात. गोऱ्या त्वचेवर लाली येऊन जाते. इथे तिची जागा काळा डाग घेतो आणि तो महिनोन्‌महिने राहतो. परदेशी व्हिडीओतले वेळापत्रक जसेच्या तसे उचलणे त्यामुळे महागात पडते.

‘तीन औषधांच्या ट्यूब’चा धोका काय?

हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड यांचे एकत्र क्रीम आपल्याकडे सर्रास विकले जाते. या प्रकारच्या मिश्रणाचे मूळ क्लिगमन आणि त्यांचे सहकारी विलिस यांनी 1975 मध्ये मांडलेल्या सूत्रात आहे. गालावरच्या वांगासाठी, ठरावीक आठवड्यांपुरते आणि देखरेखीखाली त्याचे स्थान आहे. आपल्याकडे मात्र ते ‘गोरे करणारे क्रीम’ म्हणून, मुरुमांवर, दाढीनंतर, अगदी रोजच्या फाउंडेशनसारखेही लावले जाते.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा उजळतो, सूज ओसरते आणि क्रीमवर विश्वास बसतो. नंतर त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, बारीक लव वाढते आणि एकसारख्या पुटकुळ्या उठतात. क्रीम थांबवले की चेहरा भडकतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. त्वचारोगतज्ज्ञ याला स्टेरॉइडने खराब झालेला चेहरा म्हणतात. ज्या मुरुमांसाठी क्रीम आणले, तीच मुरुमे ते वाढवते.

देशातील 12 केंद्रांवर झालेला आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याची व्याप्ती दाखवतो. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. त्यातील निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध पाठपुरावा केला आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याची अनेक स्टेरॉइड ‘शेड्यूल एच’खाली आणली. म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. नियम झाला, काउंटरवरची सवय मात्र पुरती बदललेली नाही.

ग्राहकाला एक गोष्ट लगेच करता येते. ट्यूबवरचे कंपनीचे मोठे नाव सोडून खालची बारीक अक्षरे वाचावीत. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसले, तर ती ट्यूब मुरुमांसाठी नाही. असे क्रीम अनेक महिने लावत असाल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावे.

गरोदरपणात काय?

मुरुमांसाठी पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भात गंभीर व्यंग येऊ शकते, हे निर्विवाद आहे. गोळी सुरू असताना आणि बंद केल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते. त्वचेवर लावलेले ट्रेटिनॉइन रक्तात फारच थोडे उतरते. तरीही खबरदारी म्हणून गरोदरपणात आणि मूल हवे असताना रेटिनॉइड क्रीम देत नाहीत. दिवस गेल्याचे नंतर कळले, तर घाबरून जाऊ नये. क्रीम थांबवून डॉक्टरांना सांगावे. मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न कोणी विचारत नाही. दवाखान्यात तो पहिल्या काही प्रश्नांत येतो.

चिठ्ठी मिळवायची कुठून?

‘त्वचारोगतज्ज्ञ परवडत नाही’ ही तक्रार खोटी नाही. तज्ज्ञ शहरांत एकवटले आहेत आणि तालुक्याच्या गावातून तपासणीला जायचे, तर एक दिवसाची मजुरी बुडते. पण तीन-चार चुकीच्या ट्यूब आणि त्यानंतरचे उपचार यांचा खर्च त्याहून मोठा असतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून मोबाइलवरूनही डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. साध्या मुरुमांवर कुटुंबाचे नेहमीचे डॉक्टरही उपचार सुरू करू शकतात.

तपासणीचा आणखी एक लाभ म्हणजे निदान. मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर मूळ कारण संप्रेरकांत असू शकते. बुरशीमुळे उठणाऱ्या पुटकुळ्याही मुरुमांसारख्याच दिसतात. तिथे नुसते रेटिनॉइड लावत बसण्यात वेळ जातो.

जबाबदारी एकट्या ग्राहकाची नाही. औषध दुकानदाराने चिठ्ठी मागितली पाहिजे आणि अन्न व औषध प्रशासनाने तो ती मागतो की नाही, हे पाहिले पाहिजे. ऑनलाइन विक्रीलाही तीच शिस्त हवी. रेटिनॉइड हे त्वचाविज्ञानातील मोजक्या भरवशाच्या औषधांपैकी एक आहे. त्याच्या नावावर स्टेरॉइड खपवले जात राहिले, तर लोकांचा विश्वास उडेल तो चांगल्या औषधावरून. पुढच्या वेळी काउंटरवर ट्यूब पुढे आली, की पैसे काढण्याआधी तिच्यावरची बारीक अक्षरे वाचावीत. चेहरा आपलाच असतो आणि तो बदलून मिळत नाही.