शेवटपर्यंत बसलेली माणसं

सदर : पडद्याच्या अलीकडे



मंडळात वर्षभर दाखवलेल्या सिनेमांविषयी आपण या सदरात बोलतो. यंदा एकाच सिनेमाविषयी लिहिणार आहे, कारण त्याच्या खेळाआधीच सगळ्यात जास्त चर्चा झाली. 'साबर बोंडं' लायब्ररीच्या हॉलमध्ये दाखवायचं ठरलं, ग्रुपवर सूचना गेली आणि समितीकडे तीन प्रश्न आले. मंडळात लहान मुलं असतात, मग हे कशाला? मंडळात राजकारण का आणता? आणि तिसरा, सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न : हा आपला विषय आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी होती. वयाची अट सूचनेतच होती आणि भाषण कुणाचंच नव्हतं. तिसऱ्याला मात्र नीट उत्तर द्यायला हवं.

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विनय आपटे यांचं, मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. एका मुलीचं दुसऱ्या मुलीवरचं प्रेम मराठी प्रेक्षकाने तिकीट काढून पाहिलं, त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली. पुढच्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'मध्ये महिलाश्रमातल्या दोघींचं नातं ओझरतं येऊन जातं. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'मध्ये तर मुलगा समलिंगी आहे हे कळलेली आईच आपल्याशी बोलते. तेव्हा विषय आपला आहेच. फक्त घरात बसून आपण तो बोललेलो नाही.

यात एक गोची आहे. आमच्या पिढीच्या मनात अशा गोष्टीचा शेवट ठरलेला असतो. मित्राची गोष्ट आत्महत्येवर संपते. त्यामुळे लेक किंवा लेकाने काही सांगितलं की आईबापांना आधी भीती वाटते, राग नंतर येतो. इथे वाढलेल्या मुलांनी पाहिलेल्या सिनेमांत मात्र मुलगा जेवणाच्या टेबलावर सगळं सांगून टाकतो, आई रडते, मिठी मारते आणि प्रश्न सुटतो. एक पिढी शोकांतिकेची वाट बघते, दुसरी मिठीची. आणि दोघांच्या मध्ये रविवारचं जेवण गार होत जातं.

'साबर बोंडं' नेमका या दोन्हींच्या मध्ये उभा आहे, म्हणून तो आपल्या मंडळासाठी मोलाचा. रोहन परशुराम कानवडे यांच्या या सिनेमाला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. गोष्ट साधी आहे. वडील गेले म्हणून मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक सुतकातही लग्नाचा विषय सोडत नाहीत. तिथे त्याला लहानपणचा सोबती बाळ्या भेटतो. तो शेती करतो आणि त्याच्याही मागे लग्नाचा लकडा आहे. दोघांचं प्रेम शेताच्या बांधावर, झाडाखाली, फार न बोलता फुलतं. आनंदच्या आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे. ती भाषण करत नाही. ती त्याची आई असते, इतकंच.

हे सगळं मराठीत घडतं, आणि मला वाटतं खरी गोष्ट इथेच आहे. अमेरिकेत २६ जून २०१५ पासून दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्न सगळ्या राज्यांत कायदेशीर आहे. भारतात ६ सप्टेंबर २०१८ ला असं प्रेम गुन्हा उरलं नाही, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. म्हणजे इथले नवरा-नवरा मुंबई विमानतळावर उतरले की कायद्याच्या नजरेत नुसते मित्र. पण आपल्या घरांमधली अडचण कायद्याच्याही अलीकडची आहे. ती शब्दांची आहे. 'समलिंगी' हा शब्द कोर्टाच्या बातमीतला वाटतो, स्वयंपाकघरात तो तोंडातून निघत नाही. लेकीच्या बायकोची ओळख आजीला कशी करून द्यायची? मुलं इंग्रजीत सांगतात, आईवडील इंग्रजीत ऐकतात, आणि मराठीत ते कधी पोचतच नाही. सिनेमात गावाकडच्या बोलीत दोन पुरुष एकमेकांशी मायेने बोलताना ऐकले, की निदान कानाला सवय होते.

मग घरीच बसून का पाहू नये? कारण घरी आईबाप दार लावून पाहतात आणि मुलं लॅपटॉपवर. सान फ्रान्सिस्कोतला फ्रेमलाइन महोत्सव १९७७ साली सुरू झाला, तेव्हा भिंतीवर चादर लावून छोट्या फिल्म दाखवल्या होत्या. आपल्याकडे गणपतीत गल्लीत पडदा बांधत, तसंच. मुंबईत 'कशिश' महोत्सव २०१० साली सुरू झाला, तोही नेहमीच्या चित्रपटगृहात. पडदा कसा आहे याला महत्त्व नसतं. शेजारी कोण बसलंय, याला असतं.

आमच्या खेळातही तेच दिसलं. सबटायटल वाचणारी मुलं अर्धा क्षण आधी हसायची, मोठी माणसं संवाद ऐकून मागून. मध्येच कुणी उठेल अशी आम्हाला धास्ती होती. कुणीही उठलं नाही. शेवटी एका काकांनी एवढंच विचारलं, "आईचं काम कोणी केलंय हो?" जयश्री जगताप, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "बाईने फार चांगलं केलंय." त्यांच्यापुरती चर्चा तिथे संपली. पण हॉलमध्ये एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, जिने आजवर कुणालाच काही सांगितलेलं नाही, तर तिने पाहिलं की काका उठून गेले नाहीत. हे तिला कुठल्याही पत्रकातून कळलं नसतं.

इतर मंडळांना असा खेळ करायचा असेल तर अनुभवातून चार गोष्टी. घरच्या स्ट्रीमिंग खात्यावरून हॉलमध्ये सिनेमा दाखवता येत नाही, वितरकाकडून सार्वजनिक खेळाची परवानगी घ्या. प्रेक्षकांचे फोटो काढू नका. इथला फोटो तासाभरात नाशिकच्या आत्याच्या फोनवर असतो, आणि कोण तिथे का होतं हे सांगण्याचा हक्क ज्याचा त्याचाच. चर्चेत "आपल्यात कुणी आहे का?" हा प्रश्न चुकूनही नको. आणि नंतर चहा-बटाटेवडे हवेतच. हातात बशी असली की माणसं जरा जास्त थांबतात.

आईवडिलांना एक सांगावंसं वाटतं. पॉटलकला सहज मारलेला विनोद मुलं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. त्यावरूनच ती ठरवतात, की या घरात काय सांगायचं आणि काय नाही. आणि इथे वाढलेल्या मुलामुलींनो, आईबाबा गप्प बसले म्हणजे ते नाहीच म्हणताहेत असं नाही. कित्येकदा ते शब्द शोधत असतात. त्यांना थोडा वेळ द्या, आणि जमलं तर एखादा मराठी शब्दही.

येत्या वर्षी 'एक माधवबाग'चं वाचन करावं, असं समितीच्या मनात आहे. आईचा आवाज लागेल. मंडळातल्या मावश्यांनो, नावं कळवा.