साडीतली मरिया परकी कशी?

'ही आमची माता नव्हे!' अँजेलो द फोन्सेका यांनी रंगविलेल्या साडीतल्या पवित्र मरियेच्या चित्राची प्रत पाहून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आपल्या काही भाविकांनी काढलेले हे उद्गार. डोळे फार लांबट, चेहरा अनोळखी आणि अंगावर साडी, अशी त्यांची तक्रार. या तक्रारीमागील श्रद्धेचा आम्ही आदर करतो; तक्रार मात्र आम्हाला मान्य नाही.

फोन्सेका कोणी उपरे नव्हते. १९०२ साली गोव्यातील एका कॅथॉलिक घरात ते जन्मले. पाश्चात्त्य वळणाच्या कलाशिक्षणाकडे पाठ फिरवून ते बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. परतल्यावर त्यांनी मरियेला साडी नेसविली, डोईवर पदर दिला. पोर्तुगीज अमलातील गोव्याला ते मानवले नाही. आसरा मिळाला तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. आणि हा आश्रम होता अँग्लिकन बंधूंचा! कॅथॉलिक चित्रकाराच्या मरियेला आपल्याच घरात दार बंद व्हावे आणि शेजाऱ्याने ते उघडावे, याची खंत आपल्याला वाटावयास हवी. १९६७ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. विवाहानंतर त्यांच्या अनेक चित्रांतील मरियेला पत्नी आयव्ही यांचा चेहरा लाभला. ज्या मुखाला आपण 'अनोळखी' म्हणतो, ते आपल्यासारख्याच एका संसारी स्त्रीचे मुख आहे.

'पण मरिया अशी दिसत नव्हती,' असे कोणी म्हणेल. खरेच आहे. गालीलातील त्या यहुदी कन्येने साडी नेसली नव्हती. परंतु आपल्या भिंतीवरील गोरी, निळ्या झग्यातली मरिया तरी नाझरेथची कोठे आहे? इटलीच्या चित्रकारांनी आपल्या गावातील मुलींचे चेहरे तिला दिले आणि आपण त्यांना छायाचित्र मानून बसलो. लूर्डचेच पाहा. १८५८ साली बर्नादेतला दर्शन झाले. १८६४ साली शिल्पकार फाबिश यांची संगमरवरी मूर्ती तेथे बसविण्यात आली, तेव्हा आपण पाहिलेली ती ही नव्हे, असेच तिचे मत पडले. त्या मूर्तीच्या प्रतिकृतींपुढे आपण आज मेणबत्त्या लावतो, आणि ते योग्यच आहे. कारण मूर्ती ही खूण असते, साक्षात व्यक्ती नव्हे. आणि हेही विसरू नये की, त्या मातेने बर्नादेतशी संवाद साधला तो तिच्या गावच्या बोलीत!

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: 'साडी म्हणजे हिंदूंचा वेष.' मग मिस्साबलिदानाला येणाऱ्या आपल्या आया कोणाचा वेष नेसून येतात? सप्टेंबरात आपल्यातील कितीतरी कुटुंबे कर्ज काढूनही वेलांकनीला जातात. तेथील माता साडीतच आहे. तमिळ भूमीत साडी नेसलेली माता आपल्याला चालते; मग मराठी मुलखात तिने पदर घेतला की तिचा धर्म कसा बुडतो?

राहिला प्रश्न लांबट डोळ्यांचा. अंबरनाथच्या शिवालयात इ.स. १०६० चा शिलालेख आहे. त्या मंदिराच्या भिंतींवरील स्त्री-शिल्पे पाहा. तशा कमनीय वळणाची बाई रस्त्यात भेटत नाही. तरी शिल्पकाराला कोणी अडाणी म्हणत नाही. रूप घडविताना कलावंत काही वाढवितो, काही गाळतो, ते आतला भाव उजळावा म्हणून. फोन्सेकांच्या मरियेची झुकलेली नजर हेच करते. ती आपल्याकडे पाहत नाही. ती ऐकते आहे. 'प्रभूची दासी' आणखी कशी रंगवावी?

आमच्या या भागाला तर तिची ओळख अधिक पटावी. उल्हासनगर उभे राहिले ते फाळणीच्या निर्वासितांच्या छावणीतून. आपलीही कुटुंबे वसईहून, गोव्याहून, मराठवाड्याहून, दक्षिणेतून पोटामागे येथे आली. बाळाला उराशी धरून इजिप्तला पळालेली माता बिऱ्हाड हलविणाऱ्या बाईसारखीच दिसणार. संगमरवरी राणीपेक्षा पदर खोचलेली ती बाई आपल्याला जवळची वाटू नये काय?

चर्चने कोणतीही एकच कलाशैली आपली मानलेली नाही, हे द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालीच उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट केले. इतकी वर्षे लोटली, तरी आपल्या भिंती ते ऐकावयास तयार नाहीत. जुने पुतळे हलवा, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्यापुढे आपल्या आजी-आजोबांनी अश्रू ढाळले आहेत. आमची मागणी एवढीच: धर्मग्रामाच्या सभागृहात, धर्मशिक्षणाच्या वर्गात, घरच्या जपमाळेच्या कोपऱ्यात या मातेलाही जागा द्या. मुलांना ती आईसारखी दिसली, तर त्यांची प्रार्थना उणावणार नाही. जिने परमेश्वराच्या पुत्राला आपले रक्तमांस दिले, तिला आपण आपले एक लुगडे नाकारावे, हे आपल्याला शोभत नाही.