आधी आईचं ताट बघा

नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू वाळूत येऊन अडकलं. वनखातं, पोलीस, पशुवैद्यक, गावकरी असे सगळे रात्रंदिवस राबले. पाणी मारून त्याचं अंग ओलं ठेवलं, सलाईन लावलं, शेवटी ओढून खोल पाण्यात सोडलं. पिल्लू पुन्हा किनाऱ्याला लागलं आणि गेलं. त्यासाठी झटलेल्या प्रत्येकाला माझा मनापासून नमस्कार. पण त्या दिवसांत माझ्या कानावर आलं ते क्रेन, दोर आणि भरती-ओहोटीबद्दल. अंगावर पिणाऱ्या त्या लेकराच्या आईची चौकशी मला कुठे ऐकू आली नाही.

मी शहाडला अंगणवाडी सेविका आहे. बाळाचं वजन कमी भरलं की आम्ही आधी आईकडे वळतो. जेवण दिवसातून किती वेळा होतं? घरपोच आहाराचं पाकीट तिच्या पोटात जातं की घरातले सगळे मिळून संपवतात? सातव्या महिन्यात वजन वाढलं होतं का? अडीच किलोच्या आत जन्मलेल्या बाळाला वाढीच्या तक्त्यावर वर आणायला आमचे महिनेच्या महिने जातात. तीच मेहनत गरोदरपणात आईच्या जेवणावर घेतली असती, तर निम्मं काम आधीच झालं असतं. म्हणूनच सरकार पहिल्या हजार दिवसांची मोजणी गर्भापासून करतं. समुद्रातल्या सस्तन प्राण्यांनाही हाच हिशेब लागू आहे, आणि आपल्या किनाऱ्यासाठी तो कुणी मांडत नाही, याची मला काळजी वाटते.

देवमासा, डॉल्फिन, सील हे प्राणी पिल्लाला दूध पाजतात, आणि ते दूध विलक्षण दाट असतं. माणसाच्या आईच्या दुधात चार टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास. निळ्या देवमाशाच्या दुधात तो पस्तीस-चाळीस टक्के असतो आणि त्यावर पिल्लाचं वजन दिवसाला 80-90 किलोने वाढतं. उत्तर अटलांटिकमधली हूडेड सील पिल्लाला जेमतेम चार दिवस पाजते. तिच्या दुधात साठ टक्के चरबी असते आणि तेवढ्या दिवसांत पिल्लाचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. ही सगळी चरबी आईने आधी खाऊन अंगावर साठवलेली असते.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी ड्रोनमधून राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या आया आणि पिल्लांचे फोटो काढले, त्यावरून दोघांची लांबी-रुंदी मोजली आणि 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अंगाने भरलेल्या आईचं पिल्लू जोमाने वाढतं, आणि पिल्लू जितकं भरतं तितकी आई झडते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा ओर्कांचा, म्हणजे किलर व्हेलचा, एक कळप चिनूक सामन माशावर जगतो. तो मासा कमी झाला. 2008 ते 2014 या काळात त्यांच्या विष्ठेतली संप्रेरकं तपासली, तेव्हा ओळखता आलेल्या गर्भारपणांपैकी 69 टक्क्यांपर्यंत वाया गेल्याचं दिसलं. त्याच कळपातली एक आई 2018 मध्ये मेलेलं पिल्लू सतरा दिवस वाहत फिरली. जगभर लोक हळहळले. पण तिच्या समुद्रातला सामन कमी होत होता, तेव्हाच ही बातमी लिहिली जात होती.

आता आपला किनारा घ्या. मालवण, देवगडकडे ज्याला गादा म्हणतात तो हम्पबॅक डॉल्फिन खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात राहतो. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत तो संकटग्रस्त आहे, आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची मादी साधारण वर्षभर गर्भ वाढवते, एकच पिल्लू देते आणि पुढचं पिल्लू व्हायला तीनेक वर्षं जातात. निळ्या देवमाशासारखी वर्षाची बेगमी ती अंगावर करून ठेवत नाही. ती रोज खाते आणि रोज पाजते. पाजत असताना तिची भूक फार वाढते. बोय, तारली अशी किनाऱ्यालगतची मासळी हे तिचं जेवण. हीच मासळी जाळ्यात कोवळी असतानाच उचलली जाते आणि बरीचशी आपल्या ताटातही येत नाही. ती वाळवून, दळून खतात नाहीतर कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात जाते.

महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180 मिलिमीटर. नियम चांगला आहे. शहाड स्टेशनबाहेर पाटीत मांडलेली पापलेटं मला लहान वाटली, तेव्हा पर्समधली दंडघेराची पट्टी काढून मी एक पापलेट मोजलं. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड भरला की बाळ तीव्र कुपोषित, ही खूण त्या पट्टीवर लाल रंगात असते. पापलेट त्या लाल पट्ट्यातच संपलं. विकणाऱ्या मावशींना मी दोष देत नाही, त्या पहाटे धक्क्यावर मिळेल ते आणतात. नियम पाळला जायचा असेल तर तो बंदरावर, मोठ्या ट्रॉलरवर आणि माशाची भुकटी करणाऱ्या कारखान्याच्या दारात पाळला गेला पाहिजे. पाटीवालीवर दंड मारून समुद्रात एक तारली वाढणार नाही.

ताटात किती वाढलं याइतकंच त्यात काय कालवलं हेही महत्त्वाचं, आणि इथे शहाडचा थेट संबंध येतो. उल्हास नदी आमच्या दारावरून वाहते, कल्याणहून पुढे जाऊन खाडीवाटे समुद्राला मिळते. अंबरनाथहून येणारी वालधुनी उल्हासनगर ओलांडून त्याच खाडीत उतरते. नोव्हेंबर 2014 मध्ये वालधुनीत टँकरने घातक रसायन ओतलं गेलं आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना श्वास घेणं कठीण झालं, रुग्णालयात न्यावं लागलं. त्या रात्री गुदमरलेल्या बायकांत गरोदर बायकाही असतील, हे मला आजही विसरता येत नाही. माणसं घरी परतली की बातमी संपते. पाण्यात गेलेलं मात्र पुढे वाहतच राहतं.

डीडीटी, पीसीबी यांसारखी चरबीत मुरणारी रसायनं लहान माशातून मोठ्या माशात आणि त्यातून डॉल्फिन मादीच्या अंगात साठतात. मादी पाजू लागली की दुधातल्या चरबीबरोबर ही रसायनं पिल्लात उतरतात. वर्षानुवर्षं साठलेल्या त्या ओझ्याचा सर्वांत मोठा वाटा पहिलटकरणीच्या पिल्लाच्या वाट्याला येतो. फ्लोरिडातल्या सॅरासोटा उपसागरात 1970 पासून डॉल्फिनच्या पिढ्यांवर नजर ठेवणाऱ्या संशोधकांनी हे नोंदवलं आहे, आणि तिथे पहिली पिल्लं जगण्याचं प्रमाणही कमी दिसलं आहे. ज्या दुधाने बाळ वाढायचं, त्याच दुधातून त्याला विष पाजायला आपण आईला भाग पाडतो. माझ्या मते याहून मोठा अन्याय नाही.

कोळी बांधवांच्या पोटाचं काय, असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. पण डॉल्फिनची आई आणि छोटा मच्छीमार एकाच मासळीवर जगतात. कोवळी मासळी उपसली गेली की दोघांचीही चूल विझते. डिसेंबर 2018 पासून जाळ्यात सापडलेला संरक्षित जीव जाळं कापून सोडला, तर राज्य सरकार पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, आणि मच्छीमारांनी कासवं, डॉल्फिन, देवमुशी असे कितीतरी जीव सोडले आहेत. विश्वास टाकला आणि नुकसान भरून दिलं, की माणसं साथ देतात. जून-जुलैची मासेमारी बंदीही बहुसंख्य मच्छीमार पाळतातच.

माझ्या मागण्या साध्या आहेत. किमान आकाराच्या नियमाची तपासणी बंदरावर रोज व्हावी आणि तिचे आकडे जाहीर व्हावेत. उल्हास आणि वालधुनीत सोडल्या जाणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या पाण्याचा अहवाल नगरपालिकेच्या फलकावर लागावा, म्हणजे आम्हा बायकांना तो वाचता येईल. आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर दरवर्षी ड्रोनने डॉल्फिनच्या आया आणि पिल्लं मोजावीत. कोण भरली, कोण झडली, कुणाबरोबर पिल्लू दिसलं आणि कुणाचं दिसेनासं झालं, याची नोंदवही असावी. माझ्या अंगणवाडीत अशी वही दर महिन्याला भरावी लागते. नोंद नसेल तर कुपोषण नाही असं कुणी म्हणू शकत नाही, एवढं आम्हाला पक्कं शिकवलं आहे. समुद्राच्या बाबतीत सरकारने स्वतःलाही तेच शिकवावं, आणि पुढच्या अर्थसंकल्पात या नोंदवहीसाठी पैसे ठेवावेत.