सहा पेट्या एका रांगेत

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या दृक्श्राव्य कक्षात सहा ध्वनिवर्धक पेट्या आल्या. त्यांना हार घातले गेले, नारळ फुटला, आणि सहाही पेट्या पडद्याखाली एका रांगेत मांडण्यात आल्या. पाहुण्यांना दिसल्या पाहिजेत ना! त्या अजून तशाच उभ्या आहेत. खोलीची किल्ली कार्यालयात असते आणि कार्यालय साडेपाचला बंद होते. या व्यवस्थेविषयी माझी तक्रार आहे.

'फाइव्ह पॉइंट वन' म्हणजे सहा पेट्या नव्हेत, सहा जागा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्यासाठी कोन सुचवले आहेत. ऐकणाऱ्याच्या अगदी समोर एक, तिच्या डाव्या-उजव्या बाजूंना 30 अंशांवर दोन, आणि कानांच्या किंचित मागे, 100 ते 120 अंशांवर आणखी दोन. पाचही ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर. सहावी फक्त घुमणाऱ्या आवाजाची, साधारण 120 हर्ट्झच्या खालची. ती कोपऱ्यात ठेवली की खोली रांजणासारखी घुमते. दोरी आणि खडू घेतला तर हे अर्ध्या तासाचे काम!

माझे वडील मांडववाल्याकडे लाऊडस्पीकर लावतात. शिक्षण चौथीपर्यंत. मी त्यांना आमच्या रांगेचे वर्णन केले तेव्हा त्यांनी एकच विचारले, "मधी बसणार कोण?" दोन भोंगे लांबलांब लावले की मधल्या माणसाला एकच शब्द दोनदा ऐकू येतो, हे त्यांना जत्रेत कळले. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, हे मला पुस्तकात कळले. गोष्ट एकच. आमची खोली आखूड, त्यामुळे मागच्या पेट्या दीड मीटर जवळ येतात. त्यांचा आवाज अँप्लिफायरमधून सुमारे साडेचार मिलिसेकंद उशिरा सोडावा लागतो.

आम्ही चौघांनी गावच्या जत्रेवर लघुपट केला. विनंतीअर्ज करून दोन तास खोली मिळवली. संगणकाच्या हेडफोनच्या छिद्रातून दोनच वाहिन्या निघतात, म्हणून अँप्लिफायर एचडीएमआयने जोडला. संगणकाच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये 5.1 निवडले, संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्येही मुख्य ट्रॅक 5.1 केला. (यातले एक विसरले की मागच्या पेट्या मुक्या राहतात आणि माणूस तारांना दोष देतो.) तयार फाइल लावली, तर आजीचे बोलणे उजव्या पेटीतून, आणि डावीकडची निम्मी गर्दी घुमणाऱ्या पेटीत बुडालेली! तासभर तारा उपसल्या. दोष तारांचा नव्हताच. आमच्या फाइलीत सिनेमावाल्यांचा क्रम होता: डावी, मधली, उजवी, मागची डावी, मागची उजवी, घुमणारी. यंत्राला हवा होता डावी, उजवी, मधली, घुमणारी, मग मागच्या दोन. शेवटी प्रत्येक वाहिनीत स्वतःच्या आवाजात तिचे नाव बोलून भरले आणि एकेक तपासली. हे आधी केले असते तर तास वाचला असता. पण कधी शिकणार, खोली बंद असताना?

काही प्राध्यापक म्हणतात, तुमचा लघुपट लोक मोबाइलवर पाहणार, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. मोबाइलसाठी सहाच्या दोन वाहिन्या करताना मधली आणि मागच्या थोड्या कमी करून मिसळतात, घुमणारी मात्र बहुधा टाकूनच देतात. आम्ही ढोलाचा ठोका फक्त तिच्यात ठेवला होता. मोबाइलवर मिरवणूक निघाली ती बिनढोलाची! ही चूक मोबाइलवर ऐकली, पण ती का झाली हे त्या खोलीतच उमगले.

आठवड्यातून दोन संध्याकाळी किल्ली द्यावी, वहीत सही घ्यावी, आणि पेट्या कोनांवर कायम ठेवाव्यात, एवढेच मागणे. आम्ही फरशीवर खडूने केलेल्या खुणा दुसऱ्या दिवशी पुसलेल्या होत्या. मापे माझ्या वहीत आहेत.