ब्लॅकमेलरच्या घरावर पोलिसाचीच पाळत? कायदा काय सांगतो

पोलिसालाच कोणी ब्लॅकमेल केलं, तर त्यानं त्या माणसाच्या घरावर गुपचूप पाळत ठेवावी का? पारावर लोक म्हणतील, बरोबर केलं. पण हिशोब उलटा आहे.

१९६२ मध्ये खडक सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं पोलिसांनी पाळतीसाठी रात्री घरी जाणं घटनाबाह्य ठरवलं; बाहेरून नजर ठेवणं मात्र चालवून घेतलं. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. आता पाळतीला कायद्याचा आधार आणि योग्य कारण लागतं. स्वतःच्या भानगडीसाठी वर्दी वापरली, तर ब्लॅकमेलरच्या हाती दुसरं हत्यार जातं.

खरा रस्ता तक्रारीचाच. खंडणीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तपास मात्र दुसऱ्या अधिकाऱ्यानं करावा.

गावकऱ्यांनाही हेच लागू. पैसे देऊ नका, मेसेज डिलीट करू नका. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा.

पोलीसच ठाण्याची पायरी टाळू लागला, तर शेतकऱ्यानं कोणाच्या भरवशावर चढायची?